सोनवणे सरांचा कान

सोनवणे सर कुणाचंही इंग्रजी डोळे मिटून ऐकायचे. समोरचा बोलायला लागला की चष्मा कपाळावर जायचा, पापण्या मिटायच्या आणि उजवा कान किंचित पुढे यायचा. दोन वाक्यं झाली की डोळे उघडून सांगायचे, तू मेहसाण्याकडचा, तू ओडिशातल्या गंजामचा, तू पिढीजात सुरती. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा इतकंच म्हणू शकले, की माझं नाव वैशाली, मी नर्स आहे आणि मला इंग्रजी बोलायची भीती वाटते. तेही अडखळत. सरांनी डोळे उघडले आणि विचारलं, "अमळनेर का पारोळा?" माझा जन्म सुरतेतल्या लिंबायतचा, शाळाही तिथलीच. पण वडील लूमवर काम करायला पारोळ्याहून आले होते आणि घरात अजून अहिराणीच चालते. ते सगळं माझ्या तीन वाक्यांत त्यांना सापडलं होतं. मला कौतुक वाटायच्या आधी धडकीच भरली. या माणसापासून काही लपणार नाही, असं वाटलं.

मी मुळातच भित्री. पाल, डॉक्टरांचा राउंड, टेलिफोनची घंटा, कशालाही दचकते. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वेळी मी कॅमेऱ्यासमोर बसले, पलीकडच्या बाईंनी तुमच्या स्वयंपाकघराबद्दल सांगा म्हटलं आणि माझी वाचाच बसली. स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल मला दोन मिनिटं एक शब्द सुचला नाही. त्यानंतर वॉर्डातल्या एका मैत्रिणीनं पांडेसऱ्यातल्या या सरांचा पत्ता दिला.

वर्ग म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. समोरच कापड रंगवणारं प्रोसेस हाउस, त्यामुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागत, नाहीतर रंगाचा आणि वाफेचा वास आत येऊन घसा धरायचा. आम्ही सहाजण होतो. माझ्या शेजारी बसायचा तो धर्मेश, एका हॉटेलच्या काउंटरवर काम करणारा, हसरा आणि बोलघेवडा. सर मूळचे साक्रीचे. पंचवीस वर्षं त्यांनी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका पेढीवर फोन सांभाळला होता. दुबई, नैरोबी, लंडन, जिथून फोन येईल तिथल्या माणसाशी बोलायचं, माणूस कधी दिसायचा नाही. इंग्रजी ते तिथेच शिकले, निव्वळ कानानं. पेढी बंद झाली तेव्हा त्यांनी हा वर्ग काढला.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात जॉर्जेटची एक चिंधी दिली, साडीच्या कटपीसमधली, बोटभर रुंदीची. ती ओठांसमोर धरायची आणि प, ट, क म्हणायचं. चिंधी हलली पाहिजे. आपल्या तोंडून निघणाऱ्या अक्षरांत वारा नसतो, इंग्रजांच्या अक्षरांत असतो, एवढं समजावून ते आम्हाला अर्धा तास चिंध्या हलवायला लावायचे. सहा मोठी माणसं तोंडासमोर साडीचे तुकडे धरून पुटपुटताहेत, हे खालचा झेरॉक्सवाला दारातून बघून जायचा. कुणी ओठ न हलवता बोललं की सर म्हणायचे, "तोंड भाड्याचं नाही, पूर्ण उघडा." हे वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं.

सुरतेचं इंग्रजी एक नाही, असं ते सांगत. गुजराती माणूस 'ऑ'चा 'ओ' करतो, म्हणून त्याचं 'ओफिस' होतं आणि बँकेची 'बेंक' होते. अस्सल सुरती त्याच्याही पुढे जातो, त्याच्या तोंडात त आणि ट एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. ओडिया कारागीर 'व्ह'च्या वाटेलाच जात नाही, 'भ'वर भागवतो. आणि आपण खानदेशी 'झेड' म्हणताना पोटातून 'झ' काढतो आणि 'र' असा फिरवतो की टेम्पो सुरू होतोय असं वाटावं. याला ते चूक म्हणत नसत. त्याला ते 'गाव' म्हणायचे. धर्मेशच्या 'ओ'मध्ये गाव आहे, सिस्टरच्या 'र'मध्ये गाव आहे. मला ते सिस्टर म्हणत. "गाव राहू द्या," ते म्हणायचे, "फक्त समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला लावू नका."

वर्गाचा एकच नियम होता. सर म्हणतील ते त्यांच्यामागून बारा वेळा म्हणायचं, जसंच्या तसं. शंका नंतर. शंका काढणारा माणूस तोंड बंद ठेवायला सबब शोधतो, असं त्यांचं मत. त्यामुळे आम्ही त्यांचा सूर, त्यांचा श्वास, वाक्याच्या शेवटी येणारं त्यांचं हलकं खाकरणंसुद्धा उचलायचो. माझी भीती खरोखर कमी होत चालली होती. परीक्षेची नवी तारीख मी दिवाळीनंतरची घेतली.

दसरा झाल्यावर चार दिवसांनी मला पहिल्यांदा शंका आली. त्या दिवशी 'थ' चालू होता. जिभेचं टोक वरच्या दातांखाली पुढे काढायचं आणि हलकेच हवा सोडायची, हे सर आम्हाला नेहमी करून दाखवत. त्या दिवशी त्यांची जीभ पुढे आलीच नाही. आवाज आला, पण तो आतूनच, जरा ओला, 'स' आणि 'ह'च्या मधला. मग त्यांनी 'ट' घेतला, तोही मऊ. जीभ टाळूकडे वळायच्या आधीच परत फिरत होती. आणि त्यांचा तो साक्रीचा 'र', जो आम्हाला खोलीबाहेरच्या जिन्यातही ऐकू यायचा, तो फिरलाच नाही.

मी कान-नाक-घशाच्या वॉर्डात आठ वर्षं आहे. अशी बोलणारी माणसं मी रोज बघते. तोंडात गरम घास धरल्यासारखी बोलतात. तेवढ्यात धर्मेश खूश होऊन म्हणाला, "सर, आ तो एकदम फोरेन जेवुं लागे छे." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. खोटं नव्हतं ते. मऊ ट, न फिरणारा र, परदेशी माणसांचं तसंच असतं. सरांनी आता पुढचा धडा सुरू केला, खरं परदेशी वळण शिकवायला घेतलं, असं सगळ्यांना वाटलं. नियमाप्रमाणे सर्वांनी त्यांच्यामागून बारा वेळा म्हटलं, जसंच्या तसं.

सर डोळे मिटून ऐकत होते. सहा जणांच्या तोंडून एकदम तोच ओला आवाज निघत होता, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मीही म्हणत होते, कारण गप्प बसले असते तर सरांना कळलं असतं की मला कळलंय. पाचव्या-सहाव्या वेळी सरांनी डोळे उघडले. बारा पूर्ण व्हायच्या आधी ते कधीच डोळे उघडत नसत. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, चेहरा पांढराफटक पडला होता. मग ते म्हणाले, "बरोबर. असंच म्हणा." आणि वर्ग पंधरा मिनिटं आधी सोडला.

मी सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, जिन्यातच थांबवून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी म्हटलं, दात लागत असेल. मग म्हटलं, तोंड आलं असेल, आठवड्यात बरं होईल. सर चहा गार करून प्यायला लागले, धर्मेशनं नाश्त्याला आणलेल्या तिखट लोच्याला त्यांनी हात लावला नाही, गालात लवंग धरून शिकवायला लागले. मी सगळं पाहत होते आणि वॉर्डात दुसऱ्या कुणाच्या बाबतीत एवढं पाहिलं असतं तर हाताला धरून डॉक्टरांपुढे नेलं असतं. तंबाखूचा मावा खाणाऱ्यांच्या तोंडाचे फोटो मला कुणी फोनवर दाखवले तर मी तावातावानं भाषण देते. सरांनी मावा सोडून आठ वर्षं झाली होती, त्याआधी वीस वर्षं खात होते, हेही मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला लाज वाटते. माझी परीक्षा जवळ आली होती. सर दवाखान्यात गेले की वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला की मी पुन्हा कॅमेऱ्यासमोर मुकी. असं मी स्वतःशी शब्दांत कधी म्हटलं नाही, पण ते मनात होतं. मग दिवाळी आली. सगळ्या मिल बंद, सर त्यांच्या बायकोला, मंगलाकाकूंना, घेऊन साक्रीला गेले, वर्ग लाभपाचमीनंतर, म्हणजे बाजार पुन्हा सुरू झाल्यावर, उघडणार होता. आता गावाला गेलेल्या माणसाचा सण कशाला बिघडवा, ही सबब मला आयतीच मिळाली. दसऱ्यानंतर मी तीन आठवड्यांहून जास्त असेच काढले. घरात फराळ करताना हातातला झारा थांबायचा आणि आई विचारायची, काय झालं. मी काही नाही म्हणायचे.

लाभपाचमीनंतरच्या रविवारी सकाळी मी भेस्तानला त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. सर पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले की ये, आणि त्या एका अक्षरातच मला समजलं की दिवाळीत दुखणं वाढलंय. मी बसले. पर्स मांडीवर घट्ट धरली. म्हटलं, सर, जरा तोंड बघू द्या. ते हसले, म्हणाले दाढ घासते आहे, डेंटिस्टला दाखवणार आहे. त्यांचंच ते भाड्याच्या तोंडाचं वाक्य माझ्या ओठांवर आलं, पण त्यांना ते ऐकवायचा धीर झाला नाही.

"सर, मला दसऱ्यापासून माहीत आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही, सिस्टर. तुम्ही सगळे माझ्यामागून म्हणालात, तेव्हा ऐकू आलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी विचारलं असतं, काय रे, जिभेला काय झालंय." पुढचं मात्र ते अहिराणीत बोलले, खाली बघत. माझ्याशी ते कधीच अहिराणीत बोलत नसत. "माले भेव वाटस, बेटी. जीभ कापी टाकतीन. मंग मी काय करसू?"

मी मोबाइलचा दिवा लावला. जिभेच्या डाव्या कडेला जखम होती, पांढरट-लाल, कडा टणक. अशा जखमा मी मोजल्या नाहीत इतक्या पाहिल्यात, तरी दिवा बंद करून मी पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. काकू चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, कप स्टुलावर ठेवले आणि काही न विचारता आत गेल्या. मी सरांना सांगितलं की आता गेलो तर थोडी कापतील, जितकं थांबू तितकी जास्त. त्यांनी विचारलं, नंतर 'ट' येईल का. मी खोटं बोलू शकले असते. मला माहीत नाही, असं मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या वॉर्डात नेलं. तपासणीसाठी तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सर मला रोज फोन करायचे आणि रिपोर्टबद्दल अक्षरही न बोलता माझ्याकडून परीक्षेचे प्रश्न म्हणवून घ्यायचे. घाबरलेला माणूस काम मागतो, तसे ते काम मागत होते. मीही घाबरलेली. दोन घाबरलेली माणसं फोनवर स्वयंपाकघराबद्दल इंग्रजीत बोलत होती. रिपोर्ट वाईट आला. ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ गेली, मनगटाजवळची कातडी घेऊन तिथे लावली, मानेतल्या गाठी काढल्या. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ काकू बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या होत्या. सर बाहेर आले तेव्हा नाकात नळी होती आणि डोळे आम्हाला शोधत होते.

त्याच महिन्यात मी परीक्षा दिली आणि पास झाले. ही बातमी मला नको त्या वेळी मिळाली. मी ती त्यांना तीन दिवस सांगितलीच नाही.

जखम भरली. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की सरांची प्रगती चांगली आहे, साठीच्या माणसानं इतकं करणं सोपं नाही. पण सर कुणासमोर बोलेनात. जीभ अर्धी गेली होती, कान मात्र पूर्ण शाबूत होता, आणि तेच फार वाईट झालं. आपलं प्रत्येक अक्षर कुठे घसरतंय हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त कळायचं. काकू सांगायच्या की मिक्सर चालू असला की ते हळूच काहीतरी पुटपुटतात आणि मिक्सर बंद झाला की गप्प होतात. मग काकू विनाकारण मिक्सर लावायला लागल्या. एकदा मी गेले तेव्हा सरांनी फोनवर टाइप करून मला दाखवलं, "माझं बोलणं ऐकू नकोस." मी म्हटलं, सर, समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला लागत नाही तोपर्यंत चालतं, असं तुम्हीच सांगता. त्यांनी फोन परत घेतला आणि टाइप केलं, "ते तुमच्यासाठी."

वर्ग धर्मेशनं काही दिवस चालवायचा प्रयत्न केला. सरांनी शिकवलेलं तो जसंच्या तसं म्हणवून घ्यायचा, दिवाळीआधीच्या त्या शेवटच्या दोन आठवड्यांतलंही. त्याचा 'थ' अजून तसाच आहे. हॉटेलमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना तो समजतो, कुणी हसत नाही. मी त्याला कधी सांगितलं नाही की ते परदेशी वळण नव्हतं. बाकीचे हळूहळू यायचे बंद झाले.

पुढच्या श्रावणात सरांच्या मानेत पुन्हा गाठ आली. ती मला आधी कळली नाही, त्यांनाच कळली, आणि या वेळी त्यांनी त्याच दिवशी फोन केला. फोनवर ते बोलले. ऑपरेशननंतर माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलले. "गाठ आहे. उद्या येतो." मला दोन्ही वाक्यं एका फटक्यात समजली. दुसऱ्यांदा विचारायला लागलं नाही. रेडिएशनचे शेक दिले, औषधं झाली, पण गाठ ऐकेना. दसऱ्याच्या आधी, नवरात्राचे मंडप उभे राहत असताना, सर गेले. शेवटच्या दिवसांत ते माझ्याशी आणि काकूंशी बोलायचे, अहिराणीतच, अगदी थोडं. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. मी त्यांचा हात धरला की तो माझा हात घट्ट पकडायचा, सोडायचा नाही.

वर्षश्राद्धाला मी भेस्तानला गेले होते. माणसं जेवून गेली, दुपारी घरात काकू आणि मी दोघीच उरलो. काकू भांडी पुसत होत्या, मी रचून ठेवत होते. मधेच, मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुले कवय समजनं व्हतं?"

हा प्रश्न कधीतरी येणार, याची मला वर्षभर धास्ती होती. मी अजून त्याच वॉर्डात आहे, डॉक्टरांना रोज भेटते. सरांना तीन आठवडे आधी आणलं असतं तर काय फरक पडला असता, एवढं एक वाक्य मी त्यांना विचारू शकते, आणि मी ते अजून विचारलेलं नाही. काकूंना मात्र खरं सांगितलं. दसऱ्यानंतर चार दिवसांनी कळलं होतं, मी घाबरून गप्प बसले, माझी परीक्षा होती. परीक्षेचंसुद्धा सांगितलं. मग त्या काय बोलतील याची वाट बघत हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले.

काकूंनी फडकं झटकलं. "माले तर गणपतीमाच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुना सर डावीकडे चावेतच नही. भाकर दूधमा चुरी देऊ मी. पन ईचारं नही. त्या हा म्हनतीन, तेच भेव व्हतं माले."

गणपती ते लाभपाचम, किती दिवस होतात ते मी मनात मोजलं. काकूंची बोटंही पदराखाली हलताना दिसली. त्यांचं मोजून झालं तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि फळीवर ठेवलं. आकडा आम्ही एकमेकींना सांगितला नाही.